पत्रद्वारे वैद्यकीय सल्ला

रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता, त्याने किंवा त्याच्या आप्तांनी पत्रातून कळविलेल्या लक्षणांवरून रोगाचा अंदाज बांधून औषध, पथ्य व दिनचर्या लेखी कळविण्याची पद्धती. युरोपात ती मध्ययुगापासून रूढ होती. भारतात स्वस्त टपालसेवेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला वाव मिळाला. मराठीत तिचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील प्रश्नोत्तरे.

स्वरूप व मर्यादा : आयुर्वेदात रोगीपरीक्षेची दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तीन साधने सांगितली आहेत. पत्रात पहिली दोन बाद होतात. नाडी पाहता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही, जिभेचा रंगही रुग्ण सांगेल तोच. उरतो फक्त प्रश्न, आणि त्याचे उत्तरही टपालाने येणार. त्यामुळे असा सल्ला रुग्णाच्या कथनाइतकाच भरवशाचा असतो. वय, आहार, झोप, कोठा, दुखणे सुरू झाल्याचा काळ व आधी घेतलेली औषधे यांतले काही लिहायचे राहिले, तर सल्ला चुकण्याचा संभव असतो. जुनाट विकार, पथ्यापथ्य आणि संकोचाचे विषय यांत पत्र उपयोगी पडते. तीव्र ज्वर, अपघात किंवा अडलेले बाळंतपण यांत ते कुचकामी ठरते.

युरोपातील परंपरा : बोलोन्याचा वैद्य ताद्देओ अल्देरोत्ती (मृत्यू १२९५) याने एकेका रुग्णासाठी लिहिलेले सल्ले संग्रहरूपाने उपलब्ध आहेत. अठराव्या शतकात ही पद्धती भरास आली. एडिंबरोचा विल्यम कलन (१७१०–९०) दूरदूरच्या रुग्णांना पत्राने उपचार कळवी. १७८१ पासून आपल्या उत्तरांच्या प्रती ठेवण्यासाठी त्याने जेम्स वॉटचे नवे प्रतयंत्र वापरले. त्याचा हजारो पत्रांचा संग्रह एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहे. लोझानच्या साम्युएल तिसो (१७२८–९७) याला आलेली हजाराहून अधिक पत्रे जतन झाली आहेत. वैद्याला पत्र लिहिताना कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, याची यादीच त्याने १७६१ च्या आपल्या लोकोपयोगी ग्रंथात दिली होती. त्या काळी समोरासमोरच्या तपासणीतही वैद्याचा भर रुग्णाच्या कथनावर असे, म्हणून पत्राने फारसे बिघडत नसे. १८१६ मध्ये लेनेकने स्टेथोस्कोप शोधला. पुढे शरीरतपासणीला महत्त्व आले आणि पत्रसल्ल्याची प्रतिष्ठा ओसरली.

भारतातील टपाल व औषधे : १८७७ मध्ये व्ही. पी. टपाल सुरू झाले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. कार्डावर विचारणा करावी आणि औषधाचे पार्सल पैसे देऊन पोस्टमनकडून सोडवून घ्यावे, ही सोय खेड्यापर्यंत पोचली. कार्ड मात्र उघडे असते. गुप्तरोगासारख्या तक्रारीला बंद पाकीटच लागे. याच सोयीचा लाभ घेऊन हमखास गुणाच्या जाहिराती करणारेही पुष्कळ झाले.

‘समाजस्वास्थ्य’मधील प्रश्नोत्तरे : रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि ते मृत्यूपर्यंत चालविले. घरच्या डॉक्टरलाही विचारता येणार नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांची आडपडदा न ठेवता छापील उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते हा समज तिसोच्या १७६० च्या पुस्तकाने युरोपभर पसरविला होता. ती भीती मराठी वाचकांतही होती आणि तिच्याविषयीचे प्रश्न कर्व्यांकडे येत.

या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तरीही कर्व्यांनी मासिक बंद केले नाही.

सेवाग्राम : महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव येथे राहावयास आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधींच्या पत्रव्यवहारात राजकारणाच्या जोडीने आहारातील फेरबदल, उपवास, एनिमा, कटिस्नान व मातीच्या पट्ट्या यांविषयीच्या सूचना जागोजाग आढळतात. हा निसर्गोपचारकाचा सल्ला होता, प्रशिक्षित वैद्याचा नव्हे. १९२४ मध्ये अ‍ॅपेंडिक्सचा विकार झाल्यावर मात्र पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

कायदा व सद्यःस्थिती : १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने कित्येक रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना मनाई केली. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात, रुग्णाला न पाहता दूरध्वनीवरून उपचार सांगण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने कठोर भूमिका घेऊन संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. करोनासाथीत, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरवैद्यक सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टरला चित्रसंवाद, दूरध्वनी किंवा लेखी संदेशाद्वारे सल्ला देता येतो. प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे की नाही, हे त्यानेच ठरवायचे असते. औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘एक्स’मधील तसेच अमली व मनोप्रभावी औषधे मात्र अशा रीतीने लिहून देण्यास मनाई आहे.