कूटलेखन-किल्ल्यांचे व्यवस्थापन, मेनफ्रेम संगणकातील

बँका, विमा कंपन्या इत्यादींचे व्यवहार ज्या मोठ्या मध्यवर्ती (मेनफ्रेम) संगणकांवर चालतात, त्यांतील कूटलेखनाच्या किल्ल्यांची निर्मिती, साठवण, वाटप व बदल करण्याची पद्धती. संदेशाचे कूटरूप ठरविणाऱ्या बिटांच्या गुप्त मालिकेस किल्ली म्हणतात. कूटलेखनाची रीत जगजाहीर असली, तरी किल्ली गुप्त असेपर्यंत संदेश सुरक्षित राहतो. त्यामुळे सर्व भार किल्लीच्या राखणीवर पडतो.

आयबीएम या अमेरिकन कंपनीतील होर्स्ट फाइस्टेल यांची ‘ल्यूसिफर’ ही कूटपद्धती १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील लॉइड्स बँकेच्या रोकड देणाऱ्या यंत्रांसाठी वापरण्यात आली. तिच्यातून विकसित झालेली ५६ बिटांच्या किल्लीची रीत १९७७ मध्ये अमेरिकेत प्रमाण (डीईएस) ठरली. किल्ल्या संगणकाच्या साध्या स्मृतीत ठेवल्यास यंत्रचालकास वा आज्ञावलीकारास त्या वाचता येतील, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्यावर एरसाम, मात्याश, मेयर व टक्मन यांनी १९७८ मध्ये किल्ल्यांच्या उतरंडीची योजना मांडली. तीनुसार एकच मुख्य किल्ली कूटयंत्राच्या आत, बाहेरून वाचता न येणाऱ्या जागी राहते. उरलेल्या किल्ल्या तिच्या साहाय्याने कूटबद्ध करून साध्या संचयात ठेवता येतात. त्यांचे मूळ रूप केवळ कूटयंत्रातच प्रकट होते.

मुख्य किल्ली कोणाही एका व्यक्तीस ठाऊक असू नये, हा या व्यवस्थेचा मूलभूत दंडक होय. निरनिराळे अधिकारी आपापला भाग स्वतंत्रपणे भरतात आणि यंत्र त्या भागांची हातचा न धरता द्विमान बेरीज करते. यादृच्छिक भागांपैकी एक जरी अज्ञात राहिला, तरी किल्लीविषयी काहीच कळत नाही. किल्ली बदलताना नवी, चालू व जुनी अशा तीन नोंदकोशांचा उपयोग होतो. संचयातील किल्ल्या नव्या मुख्य किल्लीखाली पुन्हा कूटबद्ध केल्यावरच ती चालू होते.

१९९० च्या सुमारास आलेल्या आयबीएमच्या समान कूटलेखन रचनेत (सीसीए) प्रत्येक किल्लीस तिचे कार्य सांगणारी नियंत्रण-खूण जोडण्यात आली. त्यामुळे विदा गुप्त राखण्याची किल्ली खातेदाराच्या गुप्तांकासाठी वापरता येत नाही. याच कंपनीच्या ४७५८ या कूटयंत्रास १९९८ मध्ये अमेरिकन शासनाच्या सुरक्षा-मानकाच्या सर्वोच्च, म्हणजे चौथ्या, स्तराची मान्यता मिळाली. त्याचे कवच फोडू पाहिल्यास आतील किल्ल्या आपोआप नष्ट होतात.

तथापि २००१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील मायकेल बाँड व रिचर्ड क्लेटन यांनी कवचास हात न लावता ४७५८ मधील सीसीएच्या किल्ल्या मिळवून दाखविल्या. किल्लीचे भाग जोडण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती, यंत्राजवळ सु. वीस मिनिटे, एक स्वस्त इलेक्ट्रॉनीय मंडल व सु. दोन दिवसांचे गणन एवढे त्यांस पुरले. वैध आज्ञांचीच विशिष्ट क्रमाने सांगड घातल्यास दोघांवाचून न होणारे काम एकट्यालाही साधते, हे त्यावरून दिसून आले. २००२ मध्ये आज्ञावलीत सुधारणा करण्यात आली.

डीईएसची ५६ बिटांची किल्ली १९९८ मध्ये खास यंत्राने तीन दिवसांच्या आत शोधून काढण्यात आली होती. २००१ मध्ये एईएस हे नवे प्रमाण आले आणि २००५ मध्ये डीईएसचे प्रमाण मागे घेण्यात आले. कूटरीती अशा बदलल्या, तरी उतरंड व विभागलेली मुख्य किल्ली ही १९७० नंतरच्या दशकातील तत्त्वे टिकून आहेत. या व्यवस्थेचे बळ अखेर कवचाइतकेच अधिकारांच्या काटेकोर वाटणीवर अवलंबून असते.