आवळा : पथ्य आणि प्रसाधन

सत्ता हातून निसटलेल्या सम्राट अशोकाजवळ दानासाठी अखेर अर्धा आवळा उरतो, अशी कथा 'अशोकावदाना'त आहे. तो पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामात पोचतो आणि कालवणात मिसळून सबंध भिक्षुसंघाला वाटला जातो. ऐहिकाच्या क्षयाची ही खूण. वैद्यकाने मात्र याच फळाला क्षय रोखणारे मानले. चरकसंहितेचे चिकित्सास्थान रसायनाध्यायानेच सुरू होते. तेथे हिरड्यासोबत लवणाखेरीज पाचही रस असलेला आवळा येतो. (आपल्या भाषेच्या वर्गात तो कोहळा काढण्यापुरताच उरला आहे!)

त्या शास्त्रात पचन आणि केस ही निराळी खाती नव्हती. केस हा अस्थिधातूचा मल, आणि धातूंचे पोषण जठराग्नीवर अवलंबून. म्हणजे केसांची निगा पोटापासून सुरू होई. तेलाच्या बाटलीने हा दुवा तोडला. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली आवळकाठी काळी पडते ती टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने. केसांवर चढतो तो हा रंग. पिकलेला केस मुळातून काळा होतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. जेवणानंतरच्या आवळासुपारीचा दावा त्या मानाने माफक आहे : तोंडाला पाणी सुटते, एवढे तरी कोणालाही पडताळता येते.