सही खरी की खोटी? आधी पेन बघा

ऑनलाइन 'लोकमान्य टिळकांची ओरिजिनल सही' विकायला दिसली, की किंमत नंतर बघा. आधी शाई बघा.

टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. बॉलपेन बाजारात आलं १९४० च्या दशकात. म्हणजे सही बॉलपेनची असेल, तर विषय तिथेच संपला. बाबासाहेब आंबेडकर गेले ६ डिसेंबर १९५६ ला. आपल्या स्केचपेनसारखं फायबर टोकाचं पेन जपानमध्ये आलं १९६० च्या दशकात.

अजून मागे जाऊ. शिवाजी महाराजांची पत्रं कारकून लिहायचे. वर मुद्रा, शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा शिक्का. तिथे खाली आजच्यासारखी झोकदार सही दिसली, तर समजून जा!

पण जुनं फाउंटन पेन आजही मिळतं. म्हणून विक्रेत्याकडे क्लोज-अप फोटो मागा. शाईत बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई. आणि विचारा, हा कागद आधी कोणाकडे होता? त्यानं स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट हे काही उत्तर नाही.

पैसे जातात ते जातातच. पण उद्या तोच खोटा कागद कुणीतरी इतिहासाचा पुरावा म्हणून दाखवतो.