घरातील पाणीगळती : भिंत ओली होण्यापूर्वीच ती कशी ओळखावी

भिंतीवर ओलीचा डाग दिसला की गळती सुरू झाली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो डाग म्हणजे गळतीचा बराच पुढचा टप्पा असतो. भिंतीआड झिरपणारे पाणी आधी विटांत, सांध्यांत आणि गिलाव्यात मुरते. रंगाच्या थरापर्यंत येण्यास त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर शेकडो लिटर पाणी वाया गेलेले असते आणि स्लॅबमधील सळयांना गंज धरू लागलेला असतो. म्हणूनच गळतीचा शोध नजरेपेक्षा मोजमापावर अवलंबून ठेवणे अधिक भरवशाचे ठरते. हे मोजमाप कोणत्याही महागड्या उपकरणाविना एका रात्रीत करता येते.

टाकीमुळे लपणारी गळती

भारतातील बहुतांश शहरांत पाणीपुरवठा चोवीस तास होत नाही. ठरावीक वेळेत आलेले पाणी जमिनीखालील हौदात साठवले जाते, पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि तेथून ते घरातील नळांना उतरते. ओडिशातील पुरी शहरात जुलै २०२१ पासून थेट नळाला चोवीस तास पिण्यायोग्य पाणी देण्यास आरंभ झाला. मात्र अशी उदाहरणे अद्याप मोजकीच आहेत.

जेथे अखंड पुरवठा आहे, तेथे सर्व नळ बंद करून मीटर पाहिला की गळती कळते. टाकीच्या रचनेत हा उपाय अपुरा पडतो. मीटर फिरतो तो हौद किंवा टाकी भरताना. टाकीनंतरच्या जलवाहिनीत गळती असेल, तर गेलेले पाणी पुढच्या खेपेस भरून निघते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. पंप पूर्वीपेक्षा अधिक वेळ चालवावा लागणे, संध्याकाळपर्यंत पुरणारी टाकी दुपारीच रिकामी होणे, कुटुंबातील माणसे तेवढीच असूनही पाण्याचे किंवा विजेचे बिल वाढणे, ही अशा गळतीची पहिली लक्षणे होत.

एका रात्रीची चाचणी

टाकीच्या घरात टाकी हेच उत्तम मापनयंत्र आहे. रात्री सर्वांचा वापर संपल्यावर पंप आणि टाकीत येणारे पाणी बंद करावे. टाकीत कोरडी काठी किंवा मोजपट्टी उभी धरून पाण्याची पातळी टिपून ठेवावी. पहाटे पहिला नळ उघडण्यापूर्वी पुन्हा मोजावे. रात्री कोणी पाणी वापरले नसेल, तर दोन्ही मोजमापे सारखी यावयास हवीत.

पातळी उतरलेली असल्यास हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोनी टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरली, म्हणजे १० लिटर पाणी गेले. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत हेच प्रमाण सुमारे ८ लिटर भरते. चौकोनी टाकीतील पाणी आठ तासांत २ सेंटीमीटर उतरले, तर दिवसाला ६० लिटर आणि महिन्याला १,८०० लिटर पाणी नाहीसे होत आहे, असा त्याचा अर्थ. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एवढ्याशा गळतीत एका माणसाचा संपूर्ण वाटा वाहून जातो.

गळती कोठे आहे, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या रात्री टाकीतून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून तीच चाचणी करावी. पातळी तरीही उतरली, तर दोष टाकीत किंवा तिच्या सांध्यात आहे. पातळी स्थिर राहिली, तर दोष पुढील जलवाहिनीत किंवा नळांत आहे. त्यानंतर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांचे स्वतंत्र व्हॉल्व्ह एकेक रात्र बंद ठेवत गेल्यास शोधाची कक्षा एका खोलीपुरती येते. जमिनीखालील हौदासाठीही हीच पद्धत लागू पडते.

मीटर आणि हौद यांमधील भाग मात्र पाणी येण्याच्या वेळीच तपासावा लागतो. हौदाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह आणि थेट जोडणीचे सर्व नळ बंद केल्यावरही मीटरचा काटा किंवा त्यावरील लहान चक्री फिरत राहिली, तर जमिनीखालील वाहिनी फुटलेली असण्याची शक्यता असते.

नळ, फ्लशची टाकी आणि ओव्हरफ्लो

घरातील पुष्कळशी गळती भिंतीत नसून उघड्यावरच असते. तिची सवय झालेली असते इतकेच. ठिबकणाऱ्या नळाखाली एक तास भांडे ठेवून पाणी मोजावे. तासाला एक लिटर भरले, तर दिवसाचे २४ लिटर आणि वर्षाचे ८,७६० लिटर होतात. बहुतेक वेळा केवळ वॉशर किंवा नळाचा आतील भाग बदलणे पुरेसे असते.

फ्लशच्या टाकीतील गळती आवाज करीत नाही. तिच्या तळाचे रबर झिजले की पाणी भांड्याच्या आतील बाजूने पातळ थराने वाहत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटे फ्लश न करता थांबावे. भांड्यातील पाण्यात रंग उतरला, तर रबर बदलण्याची वेळ झाली आहे. गच्चीवरील टाकीच्या बॉलकॉकमध्ये बिघाड झाल्यास पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहून जाते. ही नळी नजरेआड, थेट पन्हळीत सोडलेली असली, तर बिघाड महिनोन्महिने कळत नाही. तिचे तोंड सहज दिसेल अशा जागी असणे हिताचे.

अशा गळतीची झळ कधी बिलालाही बसते. दिल्लीत २०१५ मध्ये दरमहा २० हजार लिटरपर्यंत मोफत पाण्याची योजना सुरू झाली, तेव्हा ही मर्यादा ओलांडणाऱ्या ग्राहकाला संपूर्ण वापराचे शुल्क लागू करण्यात आले. तासाला १० लिटर वाहणारी गळती महिन्याला ७,२०० लिटरपर्यंत जाते. म्हणजे मर्यादेच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाणी वापराविनाच खर्ची पडते.

ओलीचे स्वरूप आणि उगम

डाग उमटलाच असेल, तर तो केव्हा वाढतो याची नोंद उगमापर्यंत नेते. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख लिहावी आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे.

ओल बाराही महिने सारखी राहत असेल, तर सतत दाबाखाली असलेल्या पाणीपुरवठ्याच्या वाहिनीवर संशय घ्यावा. वरच्या मजल्यावर अंघोळ किंवा धुणे झाल्यावरच ती वाढत असेल, तर सांडपाण्याची वाहिनी, फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅपच्या भोवतालची जागा तपासावी. केवळ पावसाळ्यात दिसणारी ओल गच्ची, बाहेरील भिंतीच्या भेगा किंवा खिडकीच्या कडा यांतून येते. जमिनीलगत साधारण एकसारख्या उंचीवर दिसणारी ओल पायातून वर चढलेली असते.

हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमूनही ओलसरपणा येतो. तो ओळखण्यासाठी भिंतीच्या ओलसर भागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. बाहेरच्या पृष्ठावर पाणी साचले, तर ते बाष्प होय आणि खोलीत हवा खेळती ठेवणे हा त्यावरील उपाय. आतल्या बाजूस पाणी आढळले, तर ते भिंतीतून येत आहे. न्हाणीघराच्या जमिनीबाबत शंका असल्यास पाणी जाण्याचा मार्ग बंद करून तेथे उथळ पाणी साठवावे आणि चोवीस तासांनी खालच्या मजल्याचे छत पाहावे.

डागाआधीही काही खुणा दिसतात. गिलाव्यावर हात मारल्यास पोकळ आवाज येणे, रंगाचे पोपडे सुटणे, दाराची चौकट फुगून दार अडकणे, कपाटामागे कुबट वास येणे आणि भिंतीला लोणा लागणे, या त्या खुणा होत. पाण्यात विरघळलेले क्षार बाष्पीभवनानंतर पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपात मागे राहतात. त्यालाच लोणा म्हणतात. त्यावर नवा रंग चढविल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही.

विलंबाची किंमत

काँक्रीट स्वभावतः अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील पोलादी सळयांना संरक्षण मिळते. सततच्या ओलीने आणि हवेच्या संपर्काने हे संरक्षण ढासळते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या अनेक पट असल्याने तो काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. आधी सळईच्या रेषेत भेग पडते, मग छताचा तुकडा निखळतो. या टप्प्यावर एका जलवाहिनीची दुरुस्ती पुरत नाही. स्लॅबची दुरुस्ती करावी लागते.

दुसरा धोका विजेचा. ओल्या भिंतीत विजेचा बोर्ड किंवा तारा असल्यास तेथे हात लावू नये. मुख्य स्विच ओलीपासून दूर आणि सुरक्षित असेल तरच तो बंद करावा आणि वीजतंत्रज्ञास बोलवावे. गळती झालेला विद्युतप्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअर क्षमतेचे सुरक्षा उपकरण घरात असणे अशा वेळी जीवरक्षक ठरते.

तिसरा धोका आरोग्याचा. पुरवठा बंद झाल्यावर जमिनीखालील वाहिनीतील दाब नाहीसा होतो. ज्या भेगेतून पाणी बाहेर जात होते, तिच्यातूनच भोवतालचे घाण पाणी आत शिरू शकते. जवळून सांडपाण्याची वाहिनी जात असेल, तर कावीळ, विषमज्वर आणि अतिसार यांसारखे आजार पसरण्याचा संभव असतो. सुरुवातीचे पाणी गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त येणे, ही पालिकेकडे त्वरित तक्रार नोंदविण्याजोगी बाब आहे. मीटरच्या खड्ड्यात साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासांनाही जागा देते. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस पुरतात.

उपकरणांचा उपयोग

वरील चाचण्यांनंतरही नेमकी जागा सापडत नसेल, तर तोडफोड करण्यापूर्वी उपकरणांची मदत घेता येते. आर्द्रतामापक भिंतीतील ओलीची तुलना दाखवितो. उष्णताचित्रण करणारा कॅमेरा बाष्पीभवनामुळे गार झालेला भाग टिपतो. ध्वनियंत्राने दाबाखाली निसटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकता येतो. मात्र त्यासाठी वाहिनीत पुरेसा दाब असावा लागतो. यांपैकी कोणतेही उपकरण भिंतीच्या आरपार पाहत नाही. कॅमेऱ्यातील गार पट्टा म्हणजे गळतीच, असे मानून फरशी उखडणे योग्य नव्हे. दोन भिन्न पद्धतींचा निष्कर्ष एकाच जागेकडे निर्देश करीत असेल, तेव्हाच खोदकाम करावे.

बहुमजली इमारतीतील जबाबदारी

पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे सुमारे १ बार दाब निर्माण होतो. त्यामुळे दहा मजली इमारतीत खालच्या मजल्यांवरील सांध्यांवर सुमारे ३ बार दाब येऊ शकतो आणि तेथे गळतीचा संभव वाढतो. दाब नियंत्रित करणारे व्हॉल्व्ह बसविणे हा त्यावरील उपाय आहे.

शेजाऱ्यांतील वादाचे मूळ बहुधा दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, यात असते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. सदनिकेतील शौचालय, बेसिन इत्यादींमुळे होणारी अंतर्गत गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अन्य राज्यांत संबंधित कायदा आणि रहिवासी संघाचे नियम लागू होतात. कोणत्याही ठिकाणी दिनांकासह ठेवलेली छायाचित्रे आणि चाचणीच्या नोंदी वाद मिटविण्यास उपयोगी पडतात.

नियमित तपासणी

नव्या बांधकामात वाहिन्या भिंतीत बुजविण्यापूर्वी दाबाखाली पाणी भरून त्यांची चाचणी घ्यावी आणि उघड्या वाहिन्यांची छायाचित्रे मोजमापांसह जपून ठेवावीत. जुन्या घरांतील जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी वाहिन्या आतून आणि आट्यांच्या सांध्यांत गंजतात, तर उन्हात उघड्या पडलेल्या पीव्हीसी वाहिन्या ठिसूळ होतात. गरम पाण्यासाठी साधे पीव्हीसी न वापरता सीपीव्हीसीसारखा योग्य प्रकार निवडावा लागतो.

टाकीची रात्रचाचणी दर तीन महिन्यांनी, गच्ची आणि पन्हळींची पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि नळ व फ्लशची तपासणी दर महिन्यास करणे पुरेसे आहे. घर बरेच दिवस बंद राहणार असल्यास टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच बाहेर पडावे. हा व्हॉल्व्ह कोठे आहे आणि तो कोणत्या दिशेने फिरतो, हे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ठाऊक असणे अगत्याचे आहे. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी अडकून बसतो. म्हणून रात्रचाचणीच्या निमित्ताने तोही बंद करून पुन्हा उघडून पाहावा.