औटकीपासून दशांश चिन्हापर्यंत

माझ्या आजोबांचे बेळगावजवळच्या एका खेड्यात किराणा मालाचे छोटेसे दुकान होते. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पण 'सात औट किती?' म्हटले की सुपारी कातरता कातरता उत्तर येई, 'साडेचोवीस!' औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर गिरवणाऱ्या पोरांपासून ते घोकले जात.

ही घोकंपट्टी निरर्थक नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर आणि शेराचे पुन्हा अच्छेर, पावशेर, छटाक. अर्धे आणि अर्ध्याचे अर्धे हाच व्यवहाराचा कणा. ज्याला हे पाढे येत, त्याला सावकार किंवा अडत्या सहसा फसवू शकत नसे.

मग अवघ्या पाच महिन्यांत दोन बदल झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो आणि लिटर आले. पहिल्या बदलाविषयी आपण सीमाभागातल्या लोकांनी पुष्कळ लिहिले, पुष्कळ सोसले. दुसरा मात्र मुकाट्याने अंगवळणी पडला. दशमान पद्धतीने आणे-पैच्या किचकट हिशेबातून मुले सुटली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याबरोबर हे पाढेही शाळेतून हळूहळू गेले. पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून बाद झाले, तरी पाव, दीड, अडीच हे शब्द बाजारातून गेले नाहीत.

याचा प्रत्यय मला आठवडी बाजारात आला. आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा आईच्या भाजीच्या पालावर बसला होता. चोवीस रुपये किलोचे टोमॅटो मी अडीच किलो घेतले. 'साठ रुपये, सर,' तो पटकन म्हणाला. शेजारच्या गिऱ्हाइकाला तोच हिशेब त्याने 'अरवत्तु' असा कानडीत सांगितला. सोमवारी वर्गात मी २.५ गुणिले २४ हे उदाहरण घातले. त्याने उत्तर लिहिले, ६००.

हा एकट्याचा दोष नव्हे. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात, पाचवीतल्या सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले तपासली गेली. विक्रीचे हिशेब ती तोंडी अचूक करीत. शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या उदाहरणात मात्र अडखळत. शाळेतल्या मुलांचे नेमके उलटे होते.

औटकी पुन्हा पाठ करून घ्या, असे मी म्हणणार नाही. मी त्या मुलाला एवढेच विचारले, 'बाजारात साठ कसे काढलेस?' तो म्हणाला, 'दोन किलोचे अठ्ठेचाळीस, अर्ध्याचे बारा.' आजोबांची अडीचकी ती हीच! तेच मी फळ्यावर मांडले आणि दशांश चिन्ह त्यानंतर दिले. त्याने आपले ६०० स्वतःच खोडले.

आता दशांश अपूर्णांकांचा धडा मी बाजाराच्या हिशेबापासूनच सुरू करतो, मराठीत आणि गरज पडली तर कानडीतही.