पटल, गोदी आणि कडेची पट्टी : लिनक्सच्या पडद्यावरील एका व्यवस्थेचा इतिहास

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही भाग गुजरातेत मोडतो. त्यामुळे तेथील सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. याच मार्गावर, नवापूर तालुक्यातच, चिंचपाडा हे गाव आहे. स्थानकावरील पाटी कोणत्या भाषेत, कोठे व किती उंचीची असावी हे रेल्वे ठरविते; वाचणाऱ्याला त्यात विचारले जात नाही. संगणकाच्या पडद्याच्या कडेला असणारी अरुंद पट्टी ही पाटीचीच एक जात होय. मात्र तिची जागा, उंची आणि तिच्यावरील मजकूर ठरविण्याचा अधिकार वाचणाऱ्याच्या हाती असू शकतो. लिनक्सच्या पडद्यावर हा अधिकार कसा आला, २०११ साली तो कसा आखडला, आणि मराठी वाचकाचे त्यात काय गुंतले आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या पट्टीचा जन्म लिनक्सवर झालेला नाही. एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या संगणकांवर १९८७ साली पडद्याच्या तळाशी चिन्हांची ओळ आली. १९८८ साली नेक्स्ट कंपनीने जो संगणक लोकांपुढे मांडला त्याच्या उजव्या कडेला चौरसांचा उभा स्तंभ होता. त्याला ‘डॉक’ हे नाव मिळाले. नव्वदीच्या दशकात युनिक्स संगणकांच्या निर्मात्यांनी एकत्र येऊन सीडीई ही व्यवस्था रचली; तिच्या तळाशी ‘फ्रंट पॅनेल’ होते. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ची कार्यपट्टी घरोघरी पोहोचली. लिनक्सने हे सर्व वारसे एकाच वेळी उचलले. १९९६ साली ऑलिव्हिए फुर्दां याने आरंभिलेल्या एक्सएफसीईचा आदर्श सीडीईचे पॅनेल हा होता; १९९७ मधील विंडो मेकरने नेक्स्टचे चौरस जसेच्या तसे घेतले. माथियास एट्रिख याने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीईची, आणि मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोमची घोषणा केली. एकाच यंत्रावर इतक्या परंपरा नांदू लागल्यावर त्यांतील कोणतीही एक ‘स्वाभाविक’ म्हणता येणे अशक्य झाले. बदल करण्याची सोय ही लिनक्सवर प्रथम सौजन्य म्हणून नव्हे, तर या बहुविधतेचा परिणाम म्हणून आली, असे मानण्यास जागा आहे.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा जून २००२ मधील ग्नोम २ हा होय. या आवृत्तीबरोबर पँगो ही अक्षरजुळणीची यंत्रणा आली, आणि जोडाक्षरे, वेलांट्या व रफार यांसह देवनागरी मजकूर पट्टीवर नीट उमटण्याची वाट मोकळी झाली. याच ग्नोमचे पॅनेल आजही अनेकांच्या आठवणीत आहे. पट्टीवर उजवी कळ दाबावी, हवी ती वस्तू जोडावी, नको ती काढावी, जागेवर कुलूपबंद करावी. संपूर्ण पट्टी वर, खाली, डावीकडे वा उजवीकडे न्यावी. तिची उंची बिंदूंत ठरवावी. हवी तर ती आपोआप लपू द्यावी. वस्तूंनी भरलेले खण जोडता येत. एक पोहणारा मासाही ठेवता येई. त्याचा उपयोग कोणालाच नव्हता आणि तो काढावा असेही फारसे कोणाला वाटले नाही. हे सर्व बदल वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात नोंदले जात. तसेच प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकास सर्व पट्ट्या गोठवून टाकण्याचीही तरतूद होती. म्हणजे बदलाचा अधिकार आणि तो काढून घेण्याचा अधिकार, दोन्ही एकाच रचनेत होते.

पुण्यात रेड हॅट कंपनीच्या भाषाविभागात ग्नोमच्या मराठी भाषांतराचे बरेच काम झाले. पॅनेलला तेथे ‘पटल’ हा शब्द मिळाला. संस्कृतात पटल म्हणजे आच्छादन, थर. मराठीत तो स्मृतिपटल, दृष्टिपटल यांत आहे आणि ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ या विधिमंडळीय प्रयोगातही आहे. ज्यावर वस्तू मांडावयाच्या ते पटल, हा शेवटचा अर्थ येथे चपखल बसतो. ‘डॉक’चे प्रकरण अवघड आहे. बंदरातील डॉकला मराठीत गोदी म्हणतात, न्यायालयातील डॉक म्हणजे आरोपीचा पिंजरा. गलबते नांगरावीत तशी चिन्हे ओळीने उभी करणे हे मूळ रूपक गोदीने सांभाळले असते. परंतु गोदी म्हटल्यावर मराठी मनाला माझगाव आणि गोदी कामगारच दिसतात. ‘डॉक’ तसाच ठेवणे हाच येथे अधिक बरा मार्ग होय.

शब्दापेक्षा वाक्याची अडचण खोल आहे. कार्यक्रमातील इंग्रजी वाक्यांत अनेकदा रिकामी जागा सोडलेली असते आणि पट्टीचे वा वस्तूचे नाव यंत्र तेथे आयत्या वेळी भरते. इंग्रजीत नाव बदलत नाही. मराठीत प्रत्ययापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘वरचे पटल’ या नावापुढे यंत्राने ‘वरून’ जोडले तर ‘वरचे पटलवरून काढा’ असे विद्रूप वाक्य तयार होते; हवे असते ‘वरच्या पटलावरून काढा’. विशेषण व नाम दोन्ही बदलतात, आणि रिकाम्या जागेला त्याची जाणीव नसते. म्हणून भाषांतरकार वाक्याची फेरजुळणी करून नाव प्रथमेतच राहील अशी सोय करतो : ‘काढावयाचे पटल : वरचे पटल’. हे मराठी निर्दोष आहे, पण कारकुनी आहे.

६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३ प्रसिद्ध झाले आणि नेहमीच्या मांडणीतून जुने पटल गेले. वर एक स्थिर पट्टी, मध्यभागी घड्याळ. तिला उचलून खाली नेण्याची सोय नाही. त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी ही मांडणी मुख्य केली. तिची उभी पट्टी डाव्या कडेला जखडलेली होती. ती तळाशी नेण्याची मुभा एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, मिळाली. रचनाकारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती : प्रत्येक पर्याय तपासावा लागतो, आणि ज्याची पट्टी चुकून पुसली गेली तो गोंधळून जातो. तरीही पर्याय नको असलेल्या वापरकर्त्याचा विचार करताना तो हवा असलेल्याला वाऱ्यावर सोडले गेले, हे नाकारता येत नाही. त्याच वर्षी अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोम २च्या मूळ संहितेतून माते हा प्रकल्प सुरू केला. नाव दक्षिण अमेरिकेतील पेयाचे. मूळ संहिता खुली असल्यानेच हे शक्य झाले. दुसरीकडे ग्नोम ३साठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेले विस्तार निघाले. त्यांतील ‘डॅश टू डॉक’ हा इतका रुजला, की ऑक्टोबर २०१७ मध्ये ग्नोमकडे परतताना उबुंटूने आपला डॉक त्यावरूनच बेतला. परंतु प्रत्येक विस्ताराचे भाषांतर निराळे असते. मुख्य पडदा मराठी आणि डॉकची मांडणी-खिडकी इंग्रजी, असे दृश्य यातून संभवते.

उंचीचा प्रश्न याहूनही निकटचा आहे. रोमन अक्षराला जेवढी जागा पुरते तेवढी देवनागरीला पुरत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. ‘चिंचपाडा’ हे नाव एखाद्या दस्तऐवजास दिले, तर पट्टीवरील बटणावर पहिल्याच अक्षरात ऱ्हस्व वेलांटी आणि अनुस्वार दाटीने येतात. पट्टी चार बिंदूंनी उंच करता आली तर नाव सुटे दिसते. टंकाचेही तसेच. मराठी ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी; रेड हॅटने २००४ साली खुल्या केलेल्या लोहित टंकमालिकेत पुढे मराठीसाठी स्वतंत्र टंक होता. ग्नोम २मध्ये पटलाचा टंक वापरणारा निवडू शके. आरंभीच्या ग्नोम ३मध्ये तो शैलीपत्रकात बांधलेला होता. तेव्हा ‘पटल’ या शब्दातला ‘ल’ कोणत्या वळणाचा दिसावा हेही दुसराच कोणी ठरवी.

चिंचपाड्याच्या परिसरात अनेकांची घरची बोली मावची, म्हणजे भिली कुलातील. लिनक्सच्या पायाभूत सी-संचात मराठीप्रमाणे भिलीसाठीही स्थानिक संकेतांची स्वतंत्र नोंद आहे; वार, महिने व तारखेचा क्रम असल्या नोंदीतून घेऊन पट्टीवरील घड्याळ चालते. नोंदीवर घड्याळापुरते भागते. ‘जोडा’, ‘काढा’, ‘सरकवा’ हे आज्ञार्थ, आणि पटलाला मावचीत काय म्हणावयाचे, हे त्या बोलीत बोलणाऱ्यांनी बसून ठरवावयाचे काम आहे.