गरुड मोजायला गेले आणि कासवं सापडली

वेळासचा कासव महोत्सव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्समध्ये तरी बघितला असेल. पण या गोष्टीची सुरुवात गरुडापासून झाली. आजचा एपिसोड त्यावरच.

आधी जागा समजून घेऊ. रायगडच्या दक्षिण टोकाला हरिहरेश्वर. जवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. पुढे बाणकोट, आणि मग वेळास, म्हणजे नाना फडणवीसांचं गाव.

या किनाऱ्यावर समुद्री गरुड राहतो. पोट पांढरं, पाठ राखाडी, पंख पसरले तर जवळपास २ मीटर. मासे आणि समुद्री साप खातो. उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्यातच भर घालत राहतो. त्यामुळे गरुड मोजायचे तर घरटी शोधायची.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी हेच काम करत होते. २००२ मध्ये या सर्वेक्षणात वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की ऑलिव्ह रिडले माद्या रात्री इथे अंडी घालतात आणि लोक ती उकरून नेतात. गावाला यात नवीन काहीच नव्हतं!

मग गावकऱ्यांनाच सोबत घेऊन संरक्षण सुरू झालं. एका घरट्यात शंभरेक अंडी; ती कुंपणाच्या आत हलवायची, साधारण ५० दिवस राखण करायची, पिल्लं समुद्रात सोडायची. २००६ पासून महोत्सव भरू लागला, पर्यटक गावातल्या घरांत राहू लागले. हे काम खाडी ओलांडून रायगडात हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरलाही पोचलं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा'ला सॅटेलाइट टॅग लागला. मी डेटावाला माणूस, मला हे भारीच वाटतं. पण पहिली नोंद वाळूत पायी फिरणाऱ्यांनीच केली होती.

आणि गरुड? त्याचा महोत्सव नाही. अंडी कुंपणात हलवता येतात, झाड हलवता येत नाही. कोकणात बरीच झाडं खासगी जमिनीत आहेत. पक्ष्याला कायद्याचं संरक्षण असलं, तरी जमीन विकली गेली आणि झाड पडलं, तर इतक्या वर्षांचं घरटं एका दिवसात जातं.

म्हणून कासवं बघायला गेलात तर एकदा वरही बघा. घरटं दिसलं तर लोकेशन पोस्ट करू नका. झाडाच्या मालकाशी मात्र दोन शब्द नक्की बोला, झाड ठेवायचं की नाही हे तेच ठरवणार आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!